स्थलांतर, नागरिकत्व आणि वस्तीची सुरक्षितता: ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून मांडलेले धोरण कसे तपासावे

परदेशातून येणाऱ्या माणसांविषयी कोणताही नवा नियम आला, की त्याचे समर्थक आणि विरोधक दोघेही सुरक्षिततेचा हवाला देतात. सीमा बंद करा म्हणणारे सुरक्षिततेचे नाव घेतात आणि कागदपत्रे नसलेल्यांना परवाने द्या म्हणणारेही तेच नाव घेतात. ज्याला या प्रश्नावर मत द्यायचे आहे, बातमी लिहायची आहे, वर्गात हा विषय शिकवायचा आहे किंवा ज्याच्या शेजारी नुकतेच एक परदेशी कुटुंब राहायला आले आहे, त्याने या दाव्यांची पारख कोणत्या क्रमाने करावी, हे येथे सांगायचे आहे. माझे मत मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचकाला ते वजा करून वाचता येईल. वस्तीत परके किती आले यापेक्षा आलेला माणूस कोणत्या कायदेशीर स्थितीत जगतो, त्याला उघडपणे काम करता येते का आणि लुटला गेल्यावर तो पोलिसांकडे जाऊ शकतो का, यावर वस्तीची सुरक्षितता अधिक अवलंबून असते. हे मत ज्या पुराव्यांवर उभे आहे ते पुढे येतीलच; त्याला अडचणीत आणणारे पुरावेही मी लपवणार नाही.

आधी प्रश्न वेगळे करावेत

देशात कोणी यावे, किती काळ राहावे आणि काम करावे की नाही, हे स्थलांतर धोरण ठरवते. राहणाऱ्यांपैकी कोणाला त्या देशाचे कायमचे सदस्यत्व मिळावे आणि त्यांच्या मुलांचे स्थान काय असावे, हे नागरिकत्व धोरण ठरवते. या नियमांचा भंग झाल्यास कोणाला, कुठे आणि कोणाकरवी पकडायचे, हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे. एखादा पुढारी ‘धोरण कडक करू’ असे म्हणतो तेव्हा या तिन्हींपैकी नेमके काय कडक करायचे आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तिन्हींचे सुरक्षिततेवर होणारे परिणाम निरनिराळे असतात आणि पुष्कळदा ते एकमेकांच्या विरुद्ध जातात.

त्याचबरोबर ‘बेकायदा’ हा शब्द कोणासाठी वापरला आहे, तेही पाहावे. चोरून सीमा ओलांडलेला माणूस, व्हिसाची मुदत संपूनही मागे राहिलेला विद्यार्थी, आश्रयाचा अर्ज करून निकालाची वाट पाहणारे कुटुंब आणि नवऱ्याच्या परवान्यावर आलेली, पण त्याच्या मारहाणीमुळे घर सोडावे लागलेली स्त्री, ही माणसे एका शब्दात मावत नाहीत. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे ३१ वे कलम तर असे सांगते, की जिवाला धोका असलेल्या प्रदेशातून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन योग्य कारण देणाऱ्या निर्वासिताला केवळ बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. शब्द सैल राहिला की पुढचा प्रत्येक आकडा सैल होतो.

आकडा हाती आला की अंश आणि छेद तपासावेत

‘परदेशी लोक इतक्या टक्के गुन्हे करतात’ अशा स्वरूपाचे वाक्य वाचले की पहिला प्रश्न हा विचारावा, की मोजले काय आहे. संशयित, अटक झालेले, दोषी ठरलेले आणि तुरुंगात असलेले हे चार वेगळे गट आहेत. जर्मनीच्या पोलिसांची वार्षिक आकडेवारी संशयितांची असते. न्यायालयात पुढे काय झाले ते तिच्यात दिसत नाही. त्या आकडेवारीतील बिगरजर्मन संशयितांमध्ये पर्यटक, देशातून नुसते जाणारे आणि शेजारच्या देशातून कामापुरते येणारे लोकही मोजले जातात. पण हा आकडा पुष्कळदा ज्या लोकसंख्येने भागला जातो तिच्यात मात्र फक्त नोंदणीकृत रहिवासी असतात. म्हणजे अंशात असलेली काही माणसे छेदात नाहीत, आणि दर आपोआप फुगतो. शिवाय परवानगीविना प्रवेश किंवा मुदतीनंतरचे वास्तव्य हे गुन्हे नागरिकाला करताच येत नाहीत; ते मिसळले तर तुलनाच बिघडते. म्हणूनच जर्मन पोलीस हे गुन्हे वगळून केलेले वेगळे तक्तेही प्रसिद्ध करतात. बातमीत कोणता तक्ता वापरला आहे, हे शोधायला पाच मिनिटे लागतात आणि ती पाच मिनिटे जरूर द्यावीत.

दुसरा प्रश्न वय आणि लिंग यांचा. जगात सगळीकडे हिंसक गुन्ह्यांत तरुण पुरुषांचे प्रमाण जास्त असते, आणि स्थलांतर करणाऱ्यांतही अनेकदा तरुण पुरुषच अधिक असतात. साठीतील रहिवाशांची पंचविशीतील स्थलांतरितांशी तुलना केली, तर आपण राष्ट्रीयत्वाचा परिणाम मोजत नसून वयाचा मोजत असतो. म्हणून समान वयाच्या, समान उत्पन्नाच्या आणि समान वस्तीतील लोकांची तुलना केली आहे का, ते पाहावे.

मात्र ही दुरुस्ती केली की फरक नेहमीच नाहीसा होतो, असे समजू नये. स्वीडनच्या राष्ट्रीय गुन्हे प्रतिबंध परिषदेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, दोन्ही पालक स्वीडनमध्ये जन्मलेल्या स्थानिकांच्या तुलनेत परदेशात जन्मलेल्यांची संशयित म्हणून नोंद होण्याचे प्रमाण २.५ पट होते. वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण आणि राहण्याचे ठिकाण लक्षात घेतल्यावर ते १.८ पटीवर आले. फरक बराच कमी झाला, पण संपला नाही. ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगणारा प्रामाणिक असतो. त्यातले सोयीचे एकच उचलणाऱ्याकडून, तो कोणत्याही बाजूचा असो, सावध राहावे.

अमेरिकेतील चित्र याच्या उलट आहे, आणि ते आजचे नाही. तिथे १९३१ मध्ये सरकारने नेमलेल्या विकरशॅम आयोगाने हाच प्रश्न तपासला तेव्हा परदेशात जन्मलेले लोक त्यांच्या संख्येच्या मानाने स्थानिकांपेक्षा कमी गुन्हे करतात, असे आढळले. जुन्या जनगणनांतील तुरुंगवासाच्या नोंदी घेऊन १८७० पासूनच्या काळाचा केलेला अभ्यासही सांगतो, की या दीडशे वर्षांत परदेशात जन्मलेल्यांचे तुरुंगातील प्रमाण स्थानिकांपेक्षा जास्त कधीच नव्हते. टेक्सासमधील माहिती विशेष उपयोगाची आहे, कारण त्या राज्यात अटक झालेल्या प्रत्येकाची कायदेशीर स्थिती केंद्रीय यंत्रणेकडून पडताळून घेतली जाते. २०१२ ते २०१८ या काळातील त्या नोंदींवरून केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या तुलनेत अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आणि मालमत्तेविषयीच्या गुन्ह्यांसाठी चौपटीहून अधिक आढळले.

स्वीडन आणि टेक्सास यांची उत्तरे वेगळी का, हा या विषयातील सर्वांत फलदायी प्रश्न आहे असे मला वाटते. माणसाचा जन्म कुठे झाला एवढ्याने गुन्ह्याचे प्रमाण ठरत असते, तर उत्तर सर्वत्र एकच आले असते. ते तसे येत नाही, याचा अर्थ कोण आले, कशासाठी आले आणि आल्यावर त्यांना काम मिळाले का, या गोष्टी मध्ये आहेत; आणि यांतील बऱ्याचशा धोरणाच्या हातात असतात.

आपल्याला आवडणारा आकडा अधिक कडकपणे तपासावा

२०१७ च्या वसंतात टेक्सासमधील ह्यूस्टन शहराचे तेव्हाचे पोलीस प्रमुख आर्ट असेवेडो यांनी जाहीर केले, की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतल्या, समाजाकडून येणाऱ्या बलात्काराच्या फिर्यादी आधीच्या वर्षाच्या त्याच काळाच्या मानाने ४२.८ टक्क्यांनी घटल्या आहेत, आणि हद्दपारीच्या भीतीने लोक पुढे येत नाहीत याचे ते लक्षण आहे. मी ज्या बाजूने युक्तिवाद करतो आहे तिला हा आकडा अगदी सोयीचा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने येथे थांबायला हवे. तीन महिने हा फार छोटा काळ आहे. एका शहरातील अशा फिर्यादींची संख्या मुळात लहान असते, त्यामुळे थोड्याशा फरकानेही टक्केवारी उडी मारते. शिवाय फिर्यादी घटणे आणि गुन्हे घटणे या दोन गोष्टी केवळ पोलीस नोंदींवरून वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी दुसरा मार्ग लागतो: लोकांना घरोघरी जाऊन विचारणारे सर्वेक्षण, रुग्णालयांतील नोंदी किंवा धोरण बदलले त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची तुलना. त्याच राज्यातील डॅलस शहरात अशी तुलना झाली. २०१५ मध्ये हद्दपारीचा रोख गंभीर गुन्हेगारांपुरता मर्यादित झाल्यावर तिथे हिस्पॅनिक रहिवाशांच्या फिर्यादी वाढल्या, असे आढळले. हा पुरावा ह्यूस्टनच्या आकड्याइतका ठळक नाही, पण अधिक भरवशाचा आहे.

कायदेशीर स्थिती आणि काम यांचे नाते पाहावे

इटलीत डिसेंबर २००७ मध्ये जे घडले ते या विषयात रस असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावे. परदेशी कामगारांसाठीच्या परवान्यांची संख्या मर्यादित होती आणि अर्ज ठरलेल्या दिवशी सकाळी आठपासून संगणकावरून मालकांनी करायचे होते. परवाने संपेपर्यंत जो आधी पोचेल त्याचा अर्ज विचारात घ्यायचा, अशी पद्धत होती. कागदोपत्री हे कामगार परदेशात होते. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळसे आधीपासूनच इटलीत परवान्याविना राहत होते. आता कल्पना करा, की दोन मजूर आहेत, एकाच वयाचे, एकाच प्रकारचे काम करणारे. एकाच्या मालकाने बटण क्षणभर आधी दाबले, दुसऱ्याच्या मालकाने क्षणभर उशिरा. पहिल्याला परवाना मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. दोघांच्या स्वभावात, संस्कारात किंवा धर्मात या क्षणाने काहीही फरक पडलेला नाही. फरक पडला तो फक्त कागदात. पाओलो पिनोत्ती या अर्थतज्ज्ञाने मर्यादेच्या अगदी अलीकडच्या आणि पलीकडच्या अर्जदारांची पुढील वर्षाच्या पोलीस नोंदींशी सांगड घातली, तेव्हा परवाना मिळाल्याने गुन्ह्याचे प्रमाण सरासरीने निम्म्यावर येते असे दिसले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘चांगल्या लोकांनाच परवाने मिळतात, म्हणून परवानाधारक चांगले दिसतात’ हा नेहमीचा आक्षेप त्याला लागू पडत नाही.

ब्रिटनचा अनुभव याला पुष्टी देतो. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आश्रय मागणारे मोठ्या संख्येने आले आणि २००४ नंतर पूर्व युरोपातील नव्या सदस्य देशांतून कामगार आले. पहिल्या गटाला काम करण्याची मुभा जवळजवळ नव्हती. दुसरा गट कामासाठीच आला होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या लाटेबरोबर चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत थोडी वाढ झाली, दुसऱ्या लाटेबरोबर ती झाली नाही, आणि हिंसक गुन्ह्यांवर दोन्ही लाटांचा परिणाम आढळला नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, त्यानंतर गुन्ह्यांत ३ ते ५ टक्के घट झाली, आणि तीही मुख्यतः मालमत्तेच्या गुन्ह्यांत, असे एका अभ्यासाचे अनुमान आहे.

सर्वांत अवघड पुरावा स्वित्झर्लंडचा आहे. बालपणी यादवी युद्ध किंवा कत्तली अनुभवलेल्या आश्रयार्थींमध्ये हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण सरासरीपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त आढळले. हे वाचून अस्वस्थ वाटते, पण ते नाकारून काही साधत नाही. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो: ज्या ठिकाणी या लोकांना लवकर काम करू दिले, तिथे या जादा धोक्याचा दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला. म्हणून आश्रयाचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत असतील आणि तोवर कामाला बंदी असेल, तर ती बंदी हाच सुरक्षिततेचा प्रश्न समजावा आणि धोरण तपासताना प्रतीक्षेचा कालावधी जरूर विचारावा.

भीती कोणाच्या उपयोगी पडते ते शोधावे

५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील मोरकम उपसागरात चिनी मजुरांची एक टोळी ओहोटीच्या वाळूत शिंपल्या गोळा करत होती. त्यांच्याकडे परवाने नव्हते. २५ किलो शिंपल्यांमागे त्यांना ५ पौंड मिळायचे. त्या उपसागरात भरतीचे पाणी फार वेगाने आत येते, हे तिथल्या लोकांना ठाऊक असते. परतणाऱ्या स्थानिक मजुरांनी घड्याळावर बोट आपटून त्यांना वेळेची जाणीव करून देण्याचा प्रयत्न केला. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती. त्या रात्री निदान २१ जण बुडाले. ज्यांना वाळूवर पाठवले त्यांना भरतीची वेळ सांगणे हे त्यांच्या मुकादमाचे काम होते, आणि त्या मुकादमाविरुद्ध कोणी कुठे तक्रार केली असती? तक्रार करणाऱ्यालाच आधी पकडले गेले असते. या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी ब्रिटनने कायदा करून शेती आणि शिंपल्या गोळा करण्याच्या धंद्यातील मुकादमांना परवाना सक्तीचा केला. सुरक्षिततेसाठी केलेल्या या नियमाचा रोख मजुरांना कामावर लावणाऱ्यावर होता, हे लक्षात घ्यावे.

जो पोलिसांकडे जाऊ शकत नाही, तो गुन्हेगाराला सर्वांत स्वस्त पडतो. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात मजुरांना रस्त्यात लुटले जात असे, कारण ओळखपत्र नसल्याने त्यांना बँकेत खाते उघडता येत नव्हते, मजुरी रोख खिशात असायची आणि लुटणाऱ्याला खात्री असायची की फिर्याद होणार नाही. २००७ मध्ये त्या शहराने कायदेशीर स्थिती न विचारता प्रत्येक रहिवाशाला ओळखपत्र द्यायला सुरुवात केली. अमेरिकी काँग्रेसने २००० मध्येच गंभीर गुन्ह्यांच्या बळींसाठी वेगळा व्हिसा निर्माण केला होता: तपासात मदत करणाऱ्या बळीला राहण्याची परवानगी मिळते, मात्र वर्षाला १०,००० एवढीच. नेदरलँड्समध्ये ‘मोकळे या, मोकळे जा’ ही पद्धत आधी प्रयोग म्हणून आणि नंतर देशभर लागू झाली. कागदपत्रे नसलेला माणूस फिर्याद नोंदवायला चौकीत आला, तर त्याला केवळ तेवढ्या कारणासाठी अटकवून ठेवत नाहीत. ब्रिटनमध्ये पोलीस कामकाजावर देखरेख करणाऱ्या संस्थांनी डिसेंबर २०२० मध्ये शिफारस केली, की घरगुती हिंसाचाराच्या बळींची माहिती पोलिसांनी स्थलांतर खात्याला देणे थांबवावे.

याच्या उलट टोकाचा प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेत २००८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या ‘सिक्युअर कम्युनिटीज’ या योजनेत स्थानिक पोलिसांनी अटक केलेल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे स्थलांतर यंत्रणेकडे तपासणीसाठी जात. अडीच लाखांहून अधिक लोकांना त्यातून ताब्यात घेतले गेले. योजना निरनिराळ्या जिल्ह्यांत निरनिराळ्या तारखांना लागू झाल्याने आधीची आणि नंतरची तुलना नीट करता आली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुन्ह्यांच्या दरात लक्षात येण्याजोगी घट आढळली नाही. योजनेच्या नावात सुरक्षितता होती म्हणून ती मोजायची राहून जाऊ नये.

रस्त्यावरच्या सुरक्षिततेचे उदाहरण लहान वाटेल, पण ते फार स्पष्ट आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१५ पासून कागदपत्रे नसलेल्यांनाही वाहन परवाने द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच वर्षी सहा लाखांहून अधिक परवाने दिले गेले. अपघात वाढले नाहीत, आणि अपघात करून पळून जाण्याचे प्रमाण मात्र ७ ते १० टक्क्यांनी घटले. परवाना नसलेला चालक धडक झाल्यावर थांबला तर त्याला पोलीस, मग कोठडी, मग हद्दपारी दिसते. परवाना असलेला थांबतो. धडक बसलेला माणूस नागरिक असो वा परका, रस्त्यावर पडलेल्याला त्या थांबण्याचाच उपयोग होतो.

नागरिकत्वाचा धागा विसरू नये

नागरिकत्वाच्या नियमांचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून चर्चेत तो मागे पडतो. ज्याला कोणताच देश आपला म्हणत नाही अशा राष्ट्रीयत्वहीन माणसाची स्थिती यात सर्वांत बिकट असते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे अशा सुमारे ४४ लाख लोकांची नोंद आहे आणि प्रत्यक्ष संख्या याहून मोठी मानली जाते. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने बहुसंख्य रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले आणि २०१७ मध्ये लष्करी हिंसाचारामुळे सात लाखांहून अधिक जणांना बांगलादेशात पळून जावे लागले. एखादा समाज कायद्याच्या बाहेर ढकलला गेला की त्याच्यावरची हिंसा कोणालाच आपला प्रश्न वाटत नाही, याचे याहून दुःखद उदाहरण अलीकडच्या काळात शोधावे लागणार नाही.

नियम वाईट नसूनही केवळ पुराव्याच्या ओझ्याने माणूस बाहेर पडू शकतो. ब्रिटनमध्ये १९७३ पूर्वी कॅरिबियनमधून कायदेशीरपणे आलेल्या कुटुंबांतील मुलांना राहण्याचा हक्क होता, पण हक्काचा कागद दिलेला नव्हता. २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, बँका आणि मालक यांच्यावर कागद तपासण्याची जबाबदारी वाढवली, तेव्हा आयुष्यभर कर भरलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार अडले, आणि निदान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर काढले गेल्याचे सरकारनेच पुढे मान्य केले. आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीच्या ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. वगळले जाणे म्हणजे परदेशी ठरणे नव्हे, त्याचा निर्णय न्यायाधिकरणांनी करायचा असतो, हे बातम्या वाचताना ध्यानात ठेवायला हवे. अशा कोणत्याही मोहिमेविषयी विचारायचा प्रश्न एकच आहे: कागदाची चूक झाल्यास ती दुरुस्त करायला किती दिवस लागतात, आणि तोवर त्या माणसाच्या घराचे, कामाचे व मुलांच्या शाळेचे काय होते.

कडक बाजूचे जे खरे आहे ते मान्य करावे

देशात कोण आहे हे सरकारला माहीत असणे ही रास्त अपेक्षा आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला शिक्षेनंतर परत पाठवणे, व्हिसा देताना पूर्वचरित्र तपासणे, माणसांची तस्करी करणाऱ्या टोळ्या मोडणे, यांत अन्याय्य काही नाही, आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांनाही त्याची गरज असते, कारण तस्करांचे पहिले बळी तेच असतात. मागच्यांना परवाने दिले तर पुढचे अधिक येतील का, हाही खरा प्रश्न आहे. पण तो येणाऱ्यांच्या संख्येविषयीचा आहे, आणि आज वस्तीत राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयीच्या प्रश्नाशी त्याची सरमिसळ करू नये.

प्रत्यक्ष तपासणीला बसताना

एवढे समजल्यावर कोणताही प्रस्ताव समोर घ्यावा आणि एक कोरा कागद घेऊन बसावे. प्रस्ताव प्रवेशाविषयी आहे, नागरिकत्वाविषयी की अंमलबजावणीविषयी, ते वर लिहावे. कोणता गुन्हा कमी होईल असा दावा आहे, ते त्याखाली लिहावे. ‘गुन्हेगारी’ असा मोघम शब्द लिहून चालणार नाही, घरफोडी, मारहाण, तस्करी, मजुरी बुडवणे असे नेमके नाव हवे. नाव सापडले नाही, तर दावा अजून तपासण्याच्या अवस्थेला आलेलाच नाही असे समजावे. मग हा नियम लागू झाल्यावर कोणाची कायदेशीर स्थिती बदलेल, आणि बदललेल्या स्थितीत तो माणूस काम कुठे करेल, राहील कुठे, आजारी पडल्यास जाईल कुठे, हे एका माणसापुरते क्रमाने लिहून काढावे. माझ्या अनुभवाने, लांबलचक चर्चांत न दिसणारी गोष्ट या चार ओळींत दिसते.

त्यानंतर आपल्या भागातील पोलीस ठाण्यात, शक्यतो लेखी, हे विचारावे: कागदपत्रे नसलेली स्त्री मारहाणीची फिर्याद घेऊन आली, तर तिची माहिती स्थलांतर खात्याला कळवली जाते का, कोणत्या नियमाखाली, आणि ते तिला आधी सांगितले जाते का? दुभाषा मिळतो का, आणि तो नातेवाईक नसून त्रयस्थ असतो का, हेही विचारावे, कारण मारहाण करणाऱ्याचाच भाऊ दुभाषा म्हणून बसला, तर फिर्याद झाली तरी ती तिची नसते. हाच प्रश्न जवळच्या रुग्णालयाला आणि शाळेला विचारावा. तिन्ही ठिकाणची उत्तरे जुळत नसतील, तर ती तफावत वस्तीतल्या माणसांना आपल्या आधीच माहीत असते, आणि ते तिच्यानुसारच वागत असतात. मिळालेली उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत, लोकप्रतिनिधीकडे पाठवावीत आणि नवा नियम लागू झाल्यावर वर्षभराने त्याच तीन दारांवर तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.